बॉयलर रूमचं लाल चाक

चौसाळ्यात हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाला लागून जे चहाचं हॉटेल आहे, तिथं दर रविवारी सकाळी साडेनऊला आमचं नौदल नांगर टाकतं. नौदल म्हणजे सुरुवातीची बारा वर्षं आम्ही दोघंच, आणि आता तिघं. समुद्र बघायचा म्हटलं तर इथून अख्खा दिवस मोडतो. पण त्या कोपऱ्यातल्या टेबलावर जेवढ्या युद्धनौका आम्ही बांधल्या, चालवल्या आणि एकमेकांच्या बुडवल्या, तेवढ्या एखाद्या गोदीनंही पाहिल्या नसतील. गावात आम्हाला मेजर म्हणतात. नौदलात मेजर नसतो, हे निवृत्त होऊन आल्यावर मी दोन वर्षं सांगत फिरलो, मग सोडून दिलं. इकडं फौजेतून आला तो मेजर, मग तो रणगाड्यात बसलेला असो की पाण्यात.

मी वाफेचा माणूस. ब्रिटिश बांधणीच्या फ्रिगेटवर बॉयलर रूममध्ये स्टोकर म्हणून लागलो आणि चीफ होऊन उतरलो. घरी आल्यावर साखर कारखान्याच्या बॉयलरवर नऊ हंगाम काढले, म्हणजे वाफेनं माझा पिच्छा साठीपर्यंत सोडला नाही. माझा मित्र नेकनूरकडचा. घरची बागायत, भावकीत दोन सरपंच होऊन गेलेले, त्यामुळं बोलणं कायम सभेत बोलल्यासारखं. तो रशियन बांधणीच्या विनाशिकेवर गॅस टर्बाइनचा मेकॅनिक होता. आम्ही दोघं नौदलात कधी भेटलो नाही. भेटलो ते बीडला, मोतीबिंदूच्या दवाखान्यात, एक एक डोळा झाकलेला असताना. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो कुठलाही खलाशी विचारतो तोच, की कोणतं जहाज. मी सांगितलं. तो म्हणाला, हां, ते धुराडं. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

भांडण एकच, आणि ते अजून संपलेलं नाही. त्याचं म्हणणं, युद्धनौका म्हणजे हत्यार, आणि रशियनांनी हत्यार बांधलं. डेकवर पाय ठेवायला जागा नाही इतकी क्षेपणास्त्रं, तोफा आणि रडार. बटण दाबलं की दहा मिनिटांत जहाज निघालं. ब्रिटिशांनी काय बांधलं, तर तरंगतं रेस्ट हाउस. बॉयलर पेटवा, पाणी तापवा, वाफ धरा. माझा मित्र म्हणतो, तुमची वाफ धरेपर्यंत शत्रू लढाई उरकून घरी जाऊन जेवला असता.

मी कशाला गप्प बसतो? मी म्हणायचो, तुझं जहाज थंड समुद्रासाठी बांधलेलं. आपल्या अरबी समुद्रात मे महिन्यात तुम्ही आत हुरडा भाजावा तसे भाजून निघायचा. लढाईत काही मोडलं तर दुरुस्त करायला हात घालायला जागा नाही, सगळं कोंबलेलं. बिघडलं की अख्खं इंजिन उचलून बाहेर काढा आणि दुसरं आणा. समुद्राच्या मधोमध दुसरं कुठून आणणार? आमच्या जहाजावर हातोडा, पाना आणि थोडी अक्कल एवढ्यावर काहीही दुरुस्त व्हायचं. आणि खवळलेल्या समुद्रात आमचं जहाज कसं चालायचं ते विचारू नका. बाकीची जहाजं तोंड खाली घालून पाणी प्यायची आणि आमचं मान वर काढून निघायचं.

माझा हुकमाचा एक्का म्हणजे आडव्या भिंती. जहाज आतून पोलादी भिंतींनी तोडलेलं असतं, म्हणजे एका खोलीत पाणी किंवा आग शिरली तर शेजारच्या खोलीत जाऊ नये. मी टेबलावर चहाच्या ग्लासातलं पाणी बोटानं ओढून ती भिंत काढून दाखवायचो. बॉयलर रूमच्या डोक्यावरच्या डेकला मधोमध अशी एक भिंत होती. समुद्रात असताना तिचं दार बंदच. अलीकडं आमची शिडी वर यायची, पलीकडं गॅली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. मी म्हणायचो, त्या भिंतीच्या पलीकडं माणूस बोंबलून मेला तरी अलीकडं कळायचं नाही. रशियन जहाजात मात्र स्वयंपाकी शिंकला की टर्बाइनवाला दचकतो.

"आवाज अडवाया जहाज बांधलंय का थेटर, बे?" मित्र म्हणायचा, आणि हॉटेलमालक हसून आणखी एक कट चहा पाठवायचा.

मी हे भिंतीचं कौतुक वर्षानुवर्षं केलं. ते लक्षात ठेवा, कारण शेवटी ती भिंत माझ्याच अंगावर आली.

आता माझ्या गोष्टीकडं येतो. फौजेतून आलेल्या प्रत्येक माणसाकडं एक गोष्ट असावी लागते, नाहीतर गाव विचारतं की एवढी वर्षं तिकडं केलं काय. माझी गोष्ट आगीची होती. बॉयलरला तेल नेणाऱ्या नळीचा सांधा सुटला, तापलेल्या पत्र्यावर तेल उडालं आणि भडका झाला. सगळे मागं सरले, मी पुढं गेलो, जाळातून हात घालून तेल बंद करायचं मोठं लाल चाक फिरवलं आणि जहाज वाचलं. ही गोष्ट मी लग्नांत, सप्त्यांत, कारखान्याच्या गेटवर आणि दर सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या हायस्कुलात सांगितली. हॉटेलमालकाला ती तोंडपाठ होती. चौसाळ्यात नवं कोणी टेबलाशी बसलं, की तोच म्हणायचा, मेजर, लाल चाकाचं होऊ द्या.

खरं असं आहे, की मी पळालो होतो.

भडका झाला तेव्हा आम्ही खाली चौघं होतो. तेलाचा जवळचा कॉक माझ्या हातापासून दोन पावलांवर होता. तो बंद करणं हे माझं काम होतं, त्यासाठीच मला तिथं उभं केलेलं. वय वीस. मी कॉककडं पाहिलं, जाळाकडं पाहिलं आणि शिडी चढलो. वरचा डेक ओलांडून थेट उघड्यावर आलो आणि कठडा धरून ओकलो. खाली आमचा पेटी ऑफिसर, म्हणजे आमच्या पाळीचा प्रमुख, आगीवर फेस मारत राहिला. आणि मग आपोआप तेल थांबलं, आग विझली, पेटी ऑफिसरच्या भुवया तेवढ्या गेल्या. आपोआप असं तेव्हा मला वाटलं. लाल चाक बॉयलर रूममध्ये नसतंच. ते वरच्या डेकवर असतं, भिंतीच्या पलीकडं, गॅलीच्या दाराशी. खाली जाता आलं नाही तर वरूनच तेल तोडता यावं म्हणून त्या चाकापासून एक लांब दांडा खाली गेलेला असतो. ही ब्रिटिशांची अक्कल. ते चाक कोणीतरी फिरवलं होतं.

कोणी, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. जेवणाच्या रांगेत माझ्या ताटात वरण वाढणाऱ्या स्वयंपाक्याच्या डाव्या हाताला जाड पट्टी होती. मी पट्टीकडं पाहिलं, त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, भात आणखी? मी हो म्हणालो. महिन्याभरात माझी बदली झाली. त्याचं नावही मी नीट विचारलं नव्हतं.

पहिल्या सुट्टीत घरी मी आगीची गोष्ट सांगितली तेव्हा पेटी ऑफिसरनंच आग विझवली होती. दुसऱ्या सुट्टीत मी त्याच्या शेजारी उभा होतो. तिसऱ्या सुट्टीत सासरी गेलो, आणि पेटी ऑफिसर गायब झाला. लाल चाक मी खाली नेलं, कारण जाळात लाल चाक छान दिसतं. पकडणार कोण? बीड जिल्ह्यात त्या जहाजाची आतली मांडणी माहीत असलेला दुसरा माणूस नव्हता. माझा मित्रसुद्धा रशियन जहाजाचा, त्याला काय ठाऊक चाक कुठं असतं ते. अशी थाप फक्त जहाजावरचा माणूसच मारू शकतो आणि जहाजावरचाच धरू शकतो.

दीड वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला बीडला बँकेत गेलो. पेन्शनवाल्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. माझ्या पुढं एक बुटका, गोल चेहऱ्याचा म्हातारा होता. मशीन त्याचा अंगठा घेईना. डावा घेईना, उजवा घेईना, पुन्हा डावा. बँकेतली बाई म्हणाली, काका, हात पुसा. त्यानं डावा हात उघडून धोतराला पुसला. तळहातावर अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत एक पांढरा वण होता.

मी काही बोललो नसतो. पण मित्र सोबत होता, आणि म्हाताऱ्याच्या कागदावर त्याला नौदलाचा शिक्का दिसला. त्यानं तिथंच मोठ्यानं विचारलं, कोणतं जहाज. म्हाताऱ्यानं सांगितलं. मित्रानं माझ्या पाठीत थाप मारली, अरे हे तर तुझंच धुराडं! म्हाताऱ्यानं वळून माझ्याकडं पाहिलं, अगदी रांगेत वरण वाढताना पाहिलं होतं तसं, आणि हसला. तो मूळचा घाटनांदूरचा, आता चौसाळ्यात लेकीकडं राहतो. लेक डबे पुरवते आणि हा तिला पोळ्या लाटून देतो. मित्रानं त्याला येत्या रविवारचं आवतण दिलं. मला त्या रविवारी ताप आला तर बरं होईल असं वाटत होतं, पण माझी तब्येत कायमची ठणठणीत.

तो आला आणि येतच राहिला. आमच्या भांडणात त्याची भर काय, तर कणकेची. आम्ही क्षेपणास्त्रांवर बोलायचो आणि तो सांगायचा की ब्रिटिश जहाजाच्या गॅलीत अडीचशे माणसांच्या पोळ्यांना ओटा पुरायचा, एका रशियन जहाजावर महिनाभर होतो तिथं भट्टी सुपाएवढी आणि ओटा वीतभर. जहाज कुशीवर कललं की कणीक कुठल्या बाजूला सरकते यावरून तो जहाजाची जात सांगायचा. मित्र त्याची टर उडवायचा, आणि खरं सांगतो, मीही उडवायचो. स्वयंपाक्याला जहाजातलं काय कळतं, असं मी म्हणालोय. त्याच्या तोंडावर म्हणालोय.

आणि मग एका रविवारी हॉटेलमालकानं ट्रकवाल्या दोन गिऱ्हाइकांना आमच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाला, मेजर, लाल चाकाचं होऊ द्या.

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी गोष्ट सांगितली. जाळ सांगितला, हात घातला, चाक फिरवलं. सगळा वेळ मी ट्रकवाल्यांकडं बघत होतो आणि उजव्या कानानं त्याच्याकडं. तो बशीत चहा ओतून फुंकून पीत होता. गोष्ट संपली. ट्रकवाले वाहवा म्हणाले. तो म्हणाला, पोहे गार झाले. पुढच्या सव्वा वर्षात ती गोष्ट त्याच्यासमोर मी चार वेळा सांगितली. दर वेळी वाटायचं, आता बोलेल. तो बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचा मला राग यायला लागला. ज्याचं देणं लागतो तोच माणूस डोळ्यांत खुपतो, असं माझं झालं होतं.

यंदा जानेवारीच्या सुरुवातीला हायस्कूलच्या हेडमास्तरांनी नवीन टूम काढली. शाळेच्या दर्शनी भिंतीवर गावच्या मेजरचं चित्र काढायचं, सव्वीस जानेवारीला पडदा बाजूला करायचा. पेंटर चौसाळ्याचाच. तो माझ्याकडं वही घेऊन आला आणि विचारू लागला, चाक केवढं होतं, आरे किती होते, जाळ कोणत्या बाजूनं. मी सगळं सांगितलं. जाताना म्हणाला, तुमच्या जहाजाचे आणखी एक मेजर आमच्या गल्लीत राहतात, त्यांनाही विचारून घेतो, चित्रात चूक नको.

बोलण्यात, चहाच्या टेबलावर थाप विरून जाते. ही भिंतीवर राहणार होती, माझ्यानंतरही, आणि खाली माझं नाव. ज्याच्या हाताचा वण मी दर रविवारी बघतो, त्या माणसालाच विचारून पेंटर माझा हात रंगवणार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या लेकीच्या घरी गेलो.

तो ओट्याशी पोळ्या लाटत होता. लेक डबे पोचवायला गेलेली. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "ते चाक मी फिरवलं नव्हतं."

"मला ठावं हाय, चीफ," तो म्हणाला. "माज्याच दारात होतं ते."

मग त्यानं पोळ्या न थांबवता सगळं सांगितलं. चाकाच्या वर पितळेची पाटी होती, आणीबाणीत बंद करा अशी, आणि कोणत्या बाजूला फिरवायचं त्याचा बाण. ती पाटी रोज सकाळी घासायचं काम गॅलीवाल्यांचं, म्हणजे याचं. दोन वर्षं रोज वाचून बाण त्याच्या हाताला पाठ झालेला. त्या दिवशी हवेच्या जाळीतून काळा धूर आला, त्यानं तवा उतरवला आणि चाक धरलं. चाक हलेना. मोठे साहेब जहाज बघायला यायचे म्हणून कोणीतरी नुकताच त्याच्यावर रंगाचा आणखी एक थर चढवला होता आणि रंगानं चाक जाम झालं होतं. त्यानं आऱ्यात लाटणं घालून जोर लावला. लाटणं मोडलं. मग नुसत्या हातांनी ओढलं, तेव्हा चाक फिरलं आणि तळहात आडवा फाटला.

त्या सगळ्या प्रकाराची कागदावर नोंद एकच, मोडलेल्या लाटण्याची. स्टोअरवाल्यांनी खुलासा मागितला तेव्हा यानं लिहून दिलं की पडून मोडलं. मी विचारलं, असं का लिहिलंस? तो म्हणाला, खरं लिहिलं असतं तर चाकावर रंग कोणी फासला ते निघालं असतं, आणि तो बिचारा वरच्यांच्या हुकमानं रंगवत होता.

"आणि मी?" मी विचारलं. "माझ्याबद्दल का नाही बोललास? टेबलावर सव्वा वर्ष ऐकतोयस."

"मी सैपाकी. तुमच्या दोघांच्या भांडणात माजं कोण ऐकतंय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला. "आन् गोष्ट तुमी लई चांगली सांगता, चीफ. त्यात चाक फिरतंय, तेवढं मला बास झालं. राहू द्या. पेंटरला मी म्हणलो, चीफनी सांगितलंय तसंच काढ."

राहू द्या, म्हणे. मला त्याचा इतका राग आला की मी त्यानं पुढं केलेली पोळी न खाता निघालो. घरी येईपर्यंत कळलं की राग त्याचा नाहीये. मी आयुष्यभर अंगात रग असलेला माणूस म्हणून मिरवलो. कारखान्यात चेअरमनच्या तोंडावर बॉयलर बंद केलाय, कारण तो धोक्यात होता आणि त्यांना गाळप हवं होतं. आणि एका लाटण्यापुढं मी चळाचळा कापत होतो. त्या रात्री छान झोपलो, कारण ठरवून टाकलं होतं. माझं असंच आहे, ठरेपर्यंत त्रास.

सव्वीस जानेवारीला गाव निम्मं रिकामं असतं. टोळ्या ऊसतोडीला गेलेल्या, मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. तरी पटांगण भरलं होतं. झेंडावंदन झालं. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातला जांभळा पडदा टांगलेला होता. माझा मित्र आणि स्वयंपाकी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर, हॉटेलमालकसुद्धा दुकान बंद करून आलेला. हेडमास्तरांनी मला बोलायला उभं केलं, आणि म्हणाले, मेजरसाहेब आता लाल चाकाचा थरार सांगतील.

मी सांगितला. सांधा सुटला, भडका झाला, इथपर्यंत रोजचंच. मग म्हणालो, मी शिडी चढून पळालो. कॉक दोन पावलांवर होता, तो बंद करणं माझं काम होतं, मी केलं नाही. लाल चाक खाली नव्हतंच, ते वर होतं, आणि ते त्या माणसानं फिरवलं. मी बोट दाखवलं. आजवर जे सांगितलं ती थाप होती. म्हणालो, चित्र पुसा किंवा त्यात ह्याला घाला. उभं राहून एवढं बोलायला दोन मिनिटं लागली. इतकी वर्षं मला वाटायचं जीभ झडेल, पण ती चांगली चालली. उलट आवाज नेहमीपेक्षा खणखणीत निघाला.

पेंटर भिंतीशी उभा होता, त्याचा चेहरा पडला. हेडमास्तर एकदा पडद्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. आणि मग स्वयंपाकी खुर्चीतून उठला. माईककडं न जाता जागेवरूनच बोलला.

"चीफ अर्धंच सांगायलेत," तो म्हणाला. "मला काय कळत होतं? मी सैपाकी. चीफ शिडी चढून वर आले आन् मला वरडले, उजवीकडं फिरव, उजवीकडं. म्हणून मला कळलं. दोघांचं काम हाय ते."

एवढं म्हणून तो बसला. हेडमास्तरांना बुडत्याला काडी मिळावी तसं झालं, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. म्हातारी माणसं मान हलवत म्हणाली, खरंय, एकट्याचं काम नसतं ते. मी उभाच होतो. मी तेव्हा काही बोलायला हवं होतं, पण मी टाळ्या संपेपर्यंत थांबलो, आणि संपल्यावर हेडमास्तरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. एवढं सोपं होतं ते. मला अर्धी गोष्ट परत मिळाली होती, आणि तीही ज्याची होती त्याच्याच हातून.

पडदा काही उघडला नाही. पेंटर म्हणाला, आठ दिवसांत दुसरा माणूस बसवतो.

तिथून आम्ही तिघं हॉटेलमालकाच्या गाडीतून चौसाळ्याला आलो. रविवार नव्हता, तरी आपल्या टेबलाशी बसलो. मालकानं दुकान उघडलं आणि स्वतः चहा ठेवायला आत गेला. माझा मित्र माझ्याकडं बघत नव्हता. बारा-तेरा वर्षं त्यानं त्या थापेला मान दिला होता, भांडणात सगळं बोलला पण त्या चाकावर कधी बोलला नाही. तो चिडलाय हे मला दिसत होतं, आणि त्याचं बरोबरच होतं.

त्यानं जगमधलं पाणी बोटावर घेतलं आणि टेबलावर एक सरळ रेघ ओढली. माझीच सवय. एक रिकामा ग्लास रेघेच्या अलीकडं ठेवला, एक पलीकडं.

"मला तुजं जहाज ठावं न्हाई," तो म्हणाला. "तू सांगशील ते खरं. ही तुजी भिंत. तू शिडीवरून हितं आलतास. ह्यो गॅलीत, तिकडं. दार बंद." त्यानं अलीकडचा ग्लास टिचकी मारून वाजवला. "आता सांग बे, आवाज गेला?"

स्वयंपाक्यानं टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डावा हात. हळूच म्हणाला, "गेला म्हणा की, चीफ. काय बिघडतंय."

खरोखर काही बिघडत नव्हतं. एक शब्द पुरला असता. ब्रिटिशांची भिंत जरा पातळ ठरली असती, रशियन जिंकले असते, आणि पटांगणातली टाळी माझी राहिली असती. मी त्या दोन ग्लासांकडं पाहिलं. मला तो कठडा आठवला, ओकारी आठवली. मी कोणाला ओरडलो नव्हतो. माझ्या तोंडातून शब्दच फुटत नव्हता. आणि याला ओरडून सांगायची गरज नव्हती, बाण त्याला पाठ होता. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट ती भिंत होती. तिच्याबद्दल खोटं बोलणं मला जमेना.

"नाही," मी म्हणालो. "ब्रिटिश बांधणी आहे. तिच्यातून आवाज जात नाही."

स्वयंपाक्यानं हात काढून घेतला. मित्रानं त्या रेघेकडं पाहिलं. पाणी दोन ठिकाणी सुकायला लागलं होतं.

"जहाज पक्कं होतं बे तुजं," तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यानं आत हाक मारून चहाबरोबर तीन पोहे सांगितले, आणि पहिली ताटली स्वयंपाक्यापुढं सरकवली.